भाड्याने घर घेताय? अकरा महिन्यांच्या कागदावर सही करायच्या आधी हे वाचा

मे-जून आला की पुणे, ठाणे, नाशिक सगळीकडे एकच धावपळ, कुणाचं कॉलेज सुरू होतंय, कुणाची नवीन नोकरी, कुणाचं लग्न झालंय आणि वेगळं घर बघायचंय. घर बघताना आपण बाथरूमचे नळ उघडून बघतो, पाणी किती वेळ येतं विचारतो, गॅलरीतून काय दिसतं ते बघतो, आणि ज्या कागदावर पुढचं सगळं वर्ष उभं असतं तो कागद मात्र एजंट जिथे बोट ठेवेल तिथे सही करून मोकळे होतो.

माझ्या मावसभावाने वाकडला वन बीएचके घेतला तेव्हा हेच झालं. एजंटने पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टाईप केलेला करार आणला, खाली नोटरीचा शिक्का, दोघांच्या सह्या, चहा पिऊन सगळे घरी. आठव्या महिन्यात मालकाचा फोन, मुलाचं लग्न ठरलंय, पंधरा दिवसात फ्लॅट खाली करा आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पंचवीस हजार कापणार आहे. भावाची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर. त्या रात्री मी तो कागद शब्द न शब्द वाचला आणि त्यानंतर कायदा वाचत बसलो, तेव्हा कळलं की आपल्या राज्याचा कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे, फक्त तो आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय, भाडेकरूंसाठी पण आणि ज्यांचा एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे त्यांच्यासाठी पण.

सगळ्यात आधी तो अकरा महिन्यांचा घोळ सोडवू. सगळे सांगतात अकरा महिन्यांचाच करार करा म्हणजे रजिस्टर करावा लागत नाही. हे कुठून आलं तर केंद्राचा १९०८ चा नोंदणी कायदा आहे, त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात ही पळवाट बंद आहे. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चालतो, ३१ मार्च २००० पासून लागू झालाय, आणि त्याचं कलम ५५ सरळ म्हणतं की जागा भाड्याने द्या नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठराविक काळ वापरायच्या परवानगीवर) द्या, करार लेखी हवा आणि तो रजिस्टर केलेला हवा. त्यात अकरा महिने, बारा महिने असलं काही नाही. सहा महिन्यांसाठी घर घेतलं तरी रजिस्टर. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, नोटरी फक्त सह्या कुणी केल्या ते बघतो, सरकारच्या दप्तरात त्याची कुठेही नोंद होत नाही.

आणि आता मुख्य गोष्ट, जी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. करार रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय, भाडेकरूवर नाही. मालकाने ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लेखी रजिस्टर करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, त्या तशा नव्हत्या हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे थोडे पैसे आणि एक दिवस वाचवायला मालक स्वतःच्या हाताने स्वतःची बाजू कमकुवत करतो. आमच्या भावाच्या केसमध्ये आम्ही भांडलो नाही, मालकांच्या घरी जाऊन शांतपणे बसलो आणि हे कलम त्यांना वाचून दाखवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. माणूस वाईट नव्हता, त्यालाही एजंटनेच सांगितलं होतं की एवढं पुरतं. शेवटी बाळंतपण होईपर्यंत मुदत मिळाली आणि तुटलेल्या एका कपाटाच्या दाराचे पैसे सोडून डिपॉझिट परत आलं.

लिव्ह अँड लायसन्स हा शब्द आपण रोज ऐकतो पण त्याचा अर्थ बऱ्याच जणांना नीट कळलेला नसतो. भाडेकरू म्हणजे टेनंट, त्याला जागेत एक हक्क मिळतो. लायसन्सी म्हणजे ज्याला ठराविक काळ जागा वापरायची फक्त परवानगी दिलीय. आपण आज जे फ्लॅट घेतो ते जवळजवळ सगळे परवानगीवाले. असं का झालं याला जुना इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला इतकं संरक्षण होतं की भाडी गोठली आणि घरं परत मिळेनात, गिरगाव-दादरच्या पागडीच्या (आधी एकरकमी पैसे घेऊन नाममात्र भाड्याने दिलेल्या) चाळी त्यातल्याच. मग मालकांनी भाड्याऐवजी लायसन्स द्यायला सुरुवात केली, तर सरकारने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी जागेत राहत होते त्यांनाही भाडेकरूच केलं. त्या एका तारखेने मालकांच्या दोन पिढ्यांना धसका बसला. घर दिलं तर परत मिळेल का ही भीती अजूनही जुन्या मंडळींच्या बोलण्यात असते, कुलूप लावून ठेवीन पण भाड्याने देणार नाही म्हणणारे काका तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना सांगा की १९९९ च्या कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपली की लायसन्सीने घर सोडायचं, नाही सोडलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, त्यासाठी साध्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही, आणि जितके दिवस तो जास्त राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं भरपाई म्हणून लागतं. लेखी करारात जे लिहिलंय तोच तिथे पुरावा धरतात. पण कागदच धड नसेल तर हा सोपा रस्ता अवघड होऊन बसतो. म्हणून म्हणतो रजिस्टर करारात दोघांचंही भलं आहे.

आता कामाला लागू.

घर आवडलं की लगेच टोकन देऊ नका. आधी समोरचा माणूस खरंच मालक आहे का ते बघा. लाइट बिलावर नाव कुणाचं, प्रॉपर्टी टॅक्सच्या पावतीवर कुणाचं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे का, आणि जमलं तर इंडेक्स टू. इंडेक्स टू म्हणजे खरेदीखत रजिस्टर झाल्यावर निघतो तो गोषवारा, त्यात घेणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, तारीख सगळं असतं आणि तो नोंदणी विभागाच्या म्हणजे आयजीआर महाराष्ट्रच्या साईटवर शोधता येतो. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल तर करारात दोघंही हवेत. मूळ मालक वारले असतील आणि मुलगा भाड्याने देत असेल तर तो कुठल्या अधिकाराने देतोय ते विचारा, यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, सरळ माणूस सरळ कागद दाखवतो. मालक परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी कुणाच्या नावाने आहे ते बघा. फोनवर फोटो पाठवून, गेटपास फी नाहीतर टोकन पाठवा मग फ्लॅट दाखवतो म्हणणारा कुणी भेटला तर एक रुपया पाठवू नका, असे फसलेले लोक फार बघितलेत.

मुंबईकडे एक हेवी डिपॉझिट नावाचा प्रकार चालतो, दहा-पंधरा लाख एकरकमी द्यायचे, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि जाताना सगळे परत. ऐकायला छान वाटतं पण माझं स्पष्ट मत आहे की हे शक्यतो टाळा. तुमच्या पंधरा लाखांना काहीही तारण नसतं, फक्त मालकाचा शब्द आणि तो करार. त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल, हप्ते थकले आणि बँकेने जप्तीची नोटीस दाराला चिकटवली तर तुम्ही रस्त्यावर आणि पैसे अडकलेले. घ्यायचंच असेल तर फ्लॅटवर कर्ज आहे का हे लेखी घ्या आणि पूर्ण रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच द्या, करारात रक्कम आणि चेक नंबर पूर्ण लिहून.

डिपॉझिटवरून आठवलं, व्हॉट्सअपवर सारखं फिरत असतं की नवीन कायदा आला, आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. पण भाडं हा राज्याचा विषय, केंद्राने फक्त नमुना दिला, राज्याने तो स्वीकारला तरच लागू होतो आणि महाराष्ट्रात अजून आपला १९९९ चाच कायदा चालतो. लायसन्सच्या डिपॉझिटवर त्यात मर्यादा नाही. त्यामुळे मालकाशी तो फॉरवर्ड दाखवून भांडू नका, तुमचीच बाजू लंगडी पडेल, सरळ घासाघीस करा. असंच उलटंही होतं, पुण्यातून कुणी बेळगावला किंवा बंगळूरला गेला आणि आपला करार घेऊन कलम ५५ सांगायला लागला तर उपयोग नाही, तिथे कर्नाटकचा कायदा. गोव्यात तर १९६८ चा त्यांचा वेगळा कायदा आहे. राज्याची हद्द ओलांडली की घराचे नियम बदलतात हे नोकरीसाठी फिरणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवायला हवं.

आता करारातली वाक्यं. इथे वेळ द्या, खरोखर अर्धा दिवस द्या. ड्राफ्ट आदल्या दिवशी मागून घ्या आणि घरी वाचा, समोर बसून वाचायला लाज वाटते आणि मग आपण पानं उलटून हो हो करतो.

लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मधेच मोडता येत नाही ती अट, कुणावर आहे ते पहिलं बघा. बरेच ड्राफ्ट असे असतात की भाडेकरू सहा महिने सोडून जाऊ शकत नाही पण मालक मात्र एक महिन्याच्या नोटिशीवर कधीही काढू शकतो. लॉक-इन दोन्हीकडून लिहून घ्या, शाळेत जाणारं मूल घरात असेल तर मालकाकडून पूर्ण वर्षाचं मागा. नोटीस पिरियड दोघांना सारखा, सहसा एक महिना असतो. नोटीस कशी द्यायची तेही लिहा, ईमेल आणि व्हॉट्सअप चालेल असं एक वाक्य टाकून घ्या म्हणजे नंतर मला मिळालीच नाही हा विषय राहत नाही.

डिपॉझिट कधी परत मिळणार ही ओळ बहुतेक करारात गुळमुळीत असते. चावी दिली की त्याच दिवशी, असं लिहा. मालक म्हणतील लाइट बिल आल्यावर, तर त्या बिलापुरते दोन-तीन हजार मागे ठेवा आणि बाकीचे त्याच दिवशी द्या, असंही लिहिता येतं. रंगाचं वाक्य तर खास वाचा. पुण्यात बऱ्याच करारात असतं की घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामासाठी कापलं जाईल. तुम्ही सही केली म्हणजे मान्य केलं, मग नंतर ओरडून फायदा नाही. नको असेल तर आत्ताच खोडायला सांगा, आणि त्याजागी वापराने होणारी नेहमीची झीज सोडून काही नुकसान झालं तर बिल दाखवून त्याचे पैसे, असं टाका.

मेंटेनन्स कोण भरणार, दुरुस्ती कुणाची (गिझर जळाला तर कुणाचा खर्च यावरून मी शेजाऱ्यांना सहा महिने अबोला धरलेला बघितलंय), पार्किंग आहे का, पाण्याच्या टँकरचे पैसे कुणाचे, हे सगळं एकेका ओळीत येतं. भाडेवाढ पुढच्या वर्षी किती टक्के तेही आधीच ठरवा. आणि घरात जे आहे त्याची यादी कराराला जोडा, पंखे किती, ट्यूब किती, कपाटं, पडद्याचे रॉड, एसी कुठल्या कंपनीचा. राहायला जायच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची ओल, बाथरूमच्या फुटलेल्या टाईल्स, सगळं, आणि तो त्याच दिवशी मालकांना पाठवा. हा पाच मिनिटांचा व्हिडिओ वर्षानंतर तुमचे हजारो रुपये वाचवतो.

खर्च किती येतो, कारण लोकांना वाटतं रजिस्टर म्हणजे खूप पैसे, म्हणूनच ते नोटरीकडे पळतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क फक्त पाव टक्का आहे. कशावर तर संपूर्ण मुदतीचं एकूण भाडं, अधिक परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारं व्याज. उदाहरण घ्या, भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत अकरा महिने. भाड्याचे झाले १ लाख ९८ हजार, डिपॉझिटवरचं व्याज धरलं साडेपाच-सहा हजार, एकूण दोन लाख चार हजारांच्या आसपास, त्याचा पाव टक्का म्हणजे पाचशेच्या थोडं वर. नेमका आकडा साईट स्वतःच काढून देते. नोंदणी फी महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर डॉक्युमेंट हँडलिंगची थोडी फी. म्हणजे सरकारला जाणारे सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास, मालक-भाडेकरूंनी निम्मे निम्मे केले तर एका रविवारच्या हॉटेल जेवणाएवढे. एजंट जे पाच-सहा हजार सांगतो त्यातले उरलेले त्याचे सर्व्हिस चार्जेस, त्यामुळे आकडा फोडून मागा आणि सरकारी चलन स्वतः बघा. आणि शुल्क एवढं कमी असताना भाडं कमी दाखवून करार करायचा प्रकार अजिबात करू नका. वीस हजार देताय आणि कागदावर बारा, तर उद्या वाद झाला की कागदावरचे बाराच खरे, शिवाय तुमची एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) करसवलत पण तेवढ्यावरच.

नोंदणी घरबसल्या होते. आयजीआर महाराष्ट्रच्या साईटवर लिव्ह अँड लायसन्सची ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे. तिथे पासवर्ड टाकून नवीन नोंद सुरू केली की एक टोकन नंबर मिळतो तो जपून ठेवा, अर्धवट राहिलं तर त्यावरूनच पुढे जाता येतं. मग जागेची माहिती, दोन्ही पार्टींची माहिती, भाडं-डिपॉझिट-मुदत, अटी, असं एकेक पान भरत जायचं. ड्राफ्ट दिसतो, तो परत एकदा वाचा, फ्लॅट नंबर आणि आधारवरच्या नावाचं स्पेलिंग खास बघा कारण एकदा सबमिट झालं की दुरुस्तीला वेगळा दस्त करावा लागतो. पैसे ऑनलाइन ई-चलनाने. शेवटी मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचा आधारवर आधारित अंगठा आणि वेबकॅमवर फोटो. हे चौघं एकाच वेळी एकाच जागी असायला पाहिजेत असं नाही, मालक नागपूरला आणि तुम्ही पुण्यात असाल तरी दोन ठिकाणी वेगवेगळं करता येतं. अंगठ्याचं मशीन आपल्याकडे नसतं म्हणून अधिकृत सेवा पुरवठादार असतात ते घरी मशीन घेऊन येतात, कितीला येणार ते आधी ठरवा. आजी-आजोबांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन घेत नाही, असं झालं तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या किंवा सरळ दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन नोंदणी करा, तो रस्ता कायम उघडा आहे. सगळं झालं की दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, ते तपासतात, नंबर पडतो आणि मग सही झालेला करार आणि इंडेक्स टू डाउनलोड करता येतो. तो नंबर पडेपर्यंत काम पूर्ण झालं असं समजू नका. एजंट अंगठे घेऊन गेला आणि नंतर काहीच पाठवलं नाही असं बऱ्याचदा होतं, पाठपुरावा करा.

हा कागद नंतर किती ठिकाणी लागतो ते बघा. बँकेत पत्ता बदलायला, गॅस कनेक्शनला, पासपोर्टला, कंपनीत एचआरएला. आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळाप्रवेशाच्या वेळी. पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून इंग्लिश मीडियमला मुलाचा नंबर लागतो, पडताळणीला आईवडील कागद घेऊन जातात आणि भाडेकरार नोटरीचा निघतो. रहिवासाच्या पुराव्यात भाडेकरार चालतो पण तो रजिस्टरच हवा, अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा हवा आणि किमान अकरा महिन्यांचा हवा. धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या घरातल्या मुलांची सीट अशी एका शिक्क्यामुळे जाते तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल पुढच्या वर्षी पहिलीत किंवा नर्सरीत जाणार असेल आणि ते भाड्याने राहत असतील तर त्यांना आजच सांगा, करार आत्ता रजिस्टर करा, फॉर्म निघाल्यावर नाही. आणि तुम्ही स्वतः कुणाला खोली दिली असेल, दहा बाय दहाची का असेना, तर त्या कुटुंबाला हा कागद करून द्या.

करार झाला की पोलिसांना कळवायचं असतं. पुणे-मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तांचा आदेश असतो की भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्या, आणि ती द्यायचं काम मालकाचं. नाही दिली तर सरकारी आदेश मोडल्याचा गुन्हा मालकावर दाखल होऊ शकतो. ऑनलाइन फॉर्म भरता येतो किंवा चौकीत जाऊन, आधार, फोटो, कराराची प्रत. पोचपावती ठेवा, सोसायटी ती मागतेच.

सोसायटीचा विषय आला की भाडेकरूंच्या पोटात गोळा येतो. तर हे माहीत असू द्या. फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, सभासदाने कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. सेवा शुल्काच्या हं, सगळ्या मेंटेनन्स बिलाच्या नाही, महापालिकेचा टॅक्स त्यात धरायचा नाही. म्हणजे सेवा शुल्क दोन हजार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त दोनशे. आणि फ्लॅटमध्ये मालकाचे आईवडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून, नातवंडं राहत असतील तर हे शुल्क लागतच नाही. हजार-दोन हजार नॉन-ऑक्युपन्सी लावणाऱ्या सोसायट्या मी बघितल्यात, तो आदेश दाखवून लेखी अर्ज द्या, ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार. ती तक्रार मालकाने करायची कारण सभासद तो आहे, भाडेकरू नाही.

बॅचलर नको, मुली नकोत, अमुक जातीधर्माचे नकोत असं काही सोसायट्या बोर्ड लावून सांगतात. सरकारने दिलेल्या आदर्श उपविधीत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) असा कुठलाही नियम नाही. मालकाची तयारी असेल तर कमिटीचा चेअरमन मुलाखत घेऊन नकार देऊ शकत नाही. पोरापोरींना मी सांगतो, कमिटीने नाही म्हटलं तर तो नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा सूर बदलतो.

राहायला लागल्यावर फार काही नाही. भाडं रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि कुठल्या महिन्याचं ते नोंद करा. दुरुस्तीचं काही निघालं की फोनवर बोलणं झाल्यावरही एक मेसेज टाका.

मुदत संपायची वेळ आली की मात्र जागे व्हा. अकरा महिने झाले, मालक म्हणतात अरे राहा की, तुम्हाला कुठे जायचंय, आणि आपण राहतो. करार आपोआप पुढे जात नाही. शेवटच्या तारखेनंतरचा प्रत्येक दिवस कागदाशिवायचा असतो, आणि संबंध बिघडले तर वर सांगितलं ते दुप्पट भाड्याचं कलम तुमच्यावर येऊ शकतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी बोला, नवीन करार रजिस्टर करा. खरं तर पहिल्यांदाच दोन-तीन वर्षांचा करार केला तर दरवर्षीचा हा खर्च आणि एजंटची रिन्यूअलची फी दोन्ही वाचतं, पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंत तोच आहे हे विसरू नका. दोन्हीकडून माणसं चांगली वाटत असतील तर मी तरी तेच सुचवेन.

घर सोडताना आधी लेखी नोटीस, मग शेवटच्या दिवशी मालकांना प्रत्यक्ष बोलवा. पहिल्या दिवशीचा व्हिडिओ उघडून दोघांनी मिळून घर फिरा. लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. जे कापायचं ते तिथेच ठरवा, आणि एका कागदावर लिहा की चावी मिळाली, एवढी रक्कम परत दिली, एवढी अमुक कारणासाठी कापली, दोघांच्या सह्या. पैसे नाहीच दिले तर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते, तेव्हा रजिस्टर करार, बँकेच्या नोंदी आणि तो व्हिडिओ तुमच्या हातात असतो. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत चावी द्यायची घाई करू नका, आणि सोसायटीच्या गेटवर तुमचं नाव, फ्लॅट नंबर आणि गाडीचा स्टिकर काढून टाकायला तेवढं सांगून जा.